संग्रहालयातील देव आणि आपले दर्शन

आज कार्तिक शुद्ध एकादशी, प्रबोधिनी. आषाढात शेषशय्येवर निद्रिस्त झालेले भगवान विष्णू आज जागे होतात. चातुर्मासाची सांगता होते, चंद्रभागेचे वाळवंट हरिनामाने दुमदुमून जाते आणि घरोघरी तुळशीविवाहाची तयारी सुरू होते. तत्त्वतः पाहिले तर जो विश्वाचा साक्षी, नित्य जागा, त्याला निद्रा कसली? शास्त्रकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ही निद्रा आणि हे प्रबोधन भक्ताच्या सोयीचे आहे. देवाला जागे करण्याच्या निमित्ताने भक्ताने स्वतः जागे व्हावे, हा या एकादशीचा गाभा होय. म्हणूनच आजच्या दिवशी एका निराळ्या निद्रेविषयी भाविक वाचकांशी चार शब्द बोलावेत असे आम्ही योजिले आहे.

कीर्तन संपून आरती झाली, मंडळी बुक्का लावून घेऊ लागली, की अलीकडे एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. मुले मुंबई-पुण्यास शिकावयास असतात. त्यांच्या संगतीने आईवडील तेथील वस्तुसंग्रहालय पाहून येतात. तेथे शेषशायी विष्णू असतो, महिषासुरमर्दिनी असते, उमामहेश्वर असतात; परंतु गंध नसते, फूल नसते, निरांजन नसते. मूर्तीखाली शतकाचा आकडा आणि दगडाची जात लिहिलेली असते. "महाराज, तेथे हात जोडावेत की जोडू नयेत?" असे ही मंडळी विचारतात. कोणी सांगतो, जेथे पूजा नाही तेथे देव नाही. तो नुसता दगड. कोणी सांगतो, देव सर्वत्र आहे. मग संग्रहालय काय आणि माजघर काय! पहिले उत्तर रुक्ष आहे, दुसरे फार सोपे आहे. आमचे समाधान यांपैकी एकानेही झाले नाही.

या प्रश्नाचा उलगडा आम्हांस परधर्मीयांच्या एका वेदीसमोर उभे असता अधिक स्पष्टपणे झाला, हे ऐकून काहींना नवल वाटेल. कीर्तनसेवेच्या निमित्ताने गोमंतकात गेलो असता आम्ही जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसचे मंदिर पाहिले. या पंथाचे साधू १५१७ मध्ये गोव्यात आले. १५२१ च्या सुमारास उभे राहिलेले त्यांचे पहिले मंदिर पुढे पाडले गेले आणि त्याच जागी १६६१ मध्ये आजची वास्तू उभी राहिली. मात्र जुन्या मंदिराचे काळसर दगडाचे कोरीव प्रवेशद्वार तेवढे नव्या वास्तूत जसेच्या तसे बसविले गेले. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला याच्या नावाने ओळखली जाणारी ही शैली तेथील मध्ययुगाची अखेरची शैली होय. त्या द्वारातून आत गेले, की समोर वेदी आणि वेदीच्या मागे सोनेरी मुलाम्याचे उंच, कोरीव लाकडी मखर दिसते. आपल्याकडे देवाच्या मागे प्रभावळ असते, गाभाऱ्यात देव्हारा असतो, तद्वत ख्रिस्ती मंदिरात वेदीमागे असे मखर असते. गोव्यातील ख्रिस्ती बांधव वेदीस 'आल्तार' म्हणतात.

या मखराच्या मध्यभागी एक नक्षीदार संपुट आहे. ज्यांनी ख्रिस्तचरित्र लिहिले त्या चौघांच्या मूर्तींनी ते तोलून धरले आहे. त्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची भव्य मूर्ती आणि तिच्याजवळ संत फ्रान्सिसची तितकीच मोठी मूर्ती आहे. त्यांच्या पायाखालच्या पीठावर या संताची तीन व्रते कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. वेदीच्या दोहो बाजूंस त्याच्या चरित्रातील प्रसंग स्थानिक धाटणीत रंगविलेले आहेत.

हा संत इटलीतील असिसी गावच्या सधन कापडव्यापाऱ्याचा मुलगा. बापाने संपत्तीचा हिशेब मागितला तेव्हा धर्माधिकाऱ्यासमोर अंगावरचे वस्त्रही त्याने बापाच्या हवाली केले, असे त्याचे चरित्र सांगते. १२२६ मध्ये तो निवर्तला. आमच्या श्रोत्यांना हा प्रसंग परका वाटू नये. कर्जखते इंद्रायणीत सोडून देणारे तुकोबाराय त्यांना ठाऊक आहेत. ज्याने वस्त्र टाकले त्याच्याभोवती पुढच्या पिढ्यांनी सोने चढविले, ही विसंगती मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु ती दुसऱ्यास दाखविण्यापूर्वी आपण आपल्या संतांच्या पादुकांना चढविलेली चांदीही पाहावी.

येथे कोणी भाविक आम्हांस अडवील आणि विचारील, "महाराज, ज्यांच्या राजवटीने गोमंतकातील देवळे उद्ध्वस्त केली, त्यांच्या वेदीचे गुणवर्णन आपण कशासाठी करता?" प्रश्न रास्त आहे. सोळाव्या शतकात तेथील देवालये पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्णेची म्हाळसा यांना भक्तांनी रातोरात नदीपार नेले आणि पुढे फोंडे महालात त्यांची स्थापना झाली. १५६० मध्ये धर्मन्यायालय आले आणि ते मध्यंतरीचा अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत राहिले. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्यास आणावे लागले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. २०२३ मध्ये त्या देवालयाचे पुन्हा नूतनीकरण झाले. यांतले काही विसरावे असे आम्ही म्हणत नाही. कीर्तनकाराने विसरावयाचे ठरविले तर सांगावयाचे कोणी? परंतु राज्यकर्त्याचा अपराध लाकडाच्या मूर्तीवर किंवा तिच्यापुढे रडून गेलेल्या एखाद्या गरीब बाईवर लादता येत नाही. शिवाय ते लाकूड कोरणारे हात कोणाचे होते? १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेण्यास मनाई केली होती. अशी मनाई करावी लागली, याचाच अर्थ आपले कारागीर ते काम करीत होते.

त्या मखरासमोर उभे राहिल्यावर जी गोष्ट मनाला लागली ती निराळीच. पोर्तुगीज सत्तेने १८३५ मध्ये गोव्यातील साधूंचे मठ बंद केले. हा मठही ओस पडला. पुढे त्याच्या इमारतीत १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संग्रहालय उभारले. मंदिर राहिले, परंतु ज्या साधूंनी त्या मखरापुढे रोजची प्रार्थना म्हटली ते राहिले नाहीत. येणारे लोक मान वर करून सोने पाहतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. संपुट कशासाठी होते, ते चौघे कोण, पीठावरील तीन शब्दांसाठी कोणी काय सोडले, हे सांगणारा कोणी जवळ नसतो. मूर्ती जागच्या जागी आहे, लाकूड शाबूत आहे, सोनेही आहे. गेले आहे ते तिचे नाव घेणारे तोंड. म्हणजे मूर्तीचे प्रदर्शन होण्यासाठी ती मंदिरातून हलवावी लागत नाही. तिची कथा जाणणारा शेवटचा माणूस गेला, की ती जागच्या जागी प्रदर्शनाची वस्तू होते.

याच्या उलट उदाहरण युरोपातीलच आहे. आम्ही ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही. चित्रांच्या ग्रंथांतून पाहिले आहे. इझेनहाइम येथील मठासाठी ग्रुनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात एक वेदीचित्र रंगविले. त्याला दारांसारखे पट आहेत. एरवी ते मिटलेले असत आणि सणावारी उघडले जात. आपल्याकडे पडदा दूर होऊन दर्शन घडते, त्याच जातीची ही योजना. त्या मठात एका भयंकर रोगाच्या रुग्णांची सेवा होत असे. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे तो रोग होई; अंगाची आग होऊन हातपाय झडत. त्या रुग्णांसमोर चित्रकाराने जो ख्रिस्त ठेवला, त्याच्या अंगभर जखमा आहेत. वेदनेने तळमळणाऱ्याला आपला देव आपल्यासारखाच व्रणांकित दिसावा, हा त्यामागील भाव होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ संपला. ते चित्र कोलमार येथे गेले आणि १८५३ पासून तेथील संग्रहालयात आहे. तेथे आज पूजा होत नाही, रोगीही येत नाहीत. परंतु हे चित्र कोणासाठी झाले ही कथा अजून सांगितली जाते; आणि ती ऐकून जो पाहतो, त्याला नुसते रंग दिसत नाहीत. कथा जिवंत आहे तोवर मूर्तीची नाळ तुटत नाही.

आता आपल्या घरी येऊ. जुन्या गोव्याच्या त्याच संग्रहालयात, त्या वेदीपासून काही पावलांवर, विष्णू, सूर्य, उमामहेश्वर, महिषासुरमर्दिनी यांच्या मूर्ती आणि वीरगळ मांडलेले आहेत. एका धर्माची ओस वेदी आणि दुसऱ्या धर्माचे गाभाऱ्यातून दुरावलेले देव एका छपराखाली शेजारधर्माने राहत आहेत. विष्णुमूर्तीखालच्या पाटीवर बहुधा 'विष्णू' एवढेच लिहिलेले असते. परंतु आपल्या घरात संध्या करणाऱ्याला केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे पाठ असतात. ही चोवीस नावे म्हणजे विष्णूच्या चोवीस मूर्ती. चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम बदलला की नाव बदलते. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पाहत गेल्यास पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला, तर तो केशव. एवढे जाणणारा मनुष्य कोणत्याही संग्रहालयात गेला, तरी पाटी न वाचता देवाला नावाने हाक मारू शकतो. देवाला त्याच्या नावाने ओळखणे हीच दर्शनाची पहिली पायरी होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: हात जोडावेत काय? शास्त्रदृष्ट्या पाहू. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, मातीची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनोमय. देवत्व द्रव्यावर अवलंबून नाही, हे यातून उघड होते. प्रतिमेत देवाला आपण आवाहन करतो. पार्थिव पूजेत काम झाले की अक्षता वाहून विसर्जन करतो, पुन्हा येण्याची विनंती करतो. स्थिर मूर्ती जीर्ण वा भग्न झाली तर काय करावे, हे अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात सांगितले आहे: लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर जलात सोडावी. परंतु तत्पूर्वी तिच्यातील देवतेला विधिपूर्वक निरोप द्यावयाचा असतो. आता वाचकांनीच विचार करावा. ज्या मूर्ती संग्रहालयांत आहेत त्यांतील बहुतेक कोणी फोडल्या, कोणी चोरल्या, कोणी आक्रमणाच्या भयाने विहिरीत किंवा शेतात दडविल्या. यांना विधिपूर्वक निरोप दिला कोणी? ज्याला आवाहन करून घरी बोलाविले, त्याची पाठवणी झालीच नाही. असा पाहुणा दिसला असता हात जोडू नयेत, असे कोणते शास्त्र सांगेल?

लौकिक न्यायानेही याच अंगाने विचार केला आहे. तामिळनाडूतील पाथूर येथील नटराजाची मूर्ती १९७६ मध्ये जमिनीत सापडली आणि चोरवाटेने लंडनला पोचली. मूळचे देवालय तेव्हा भग्नावस्थेत होते. तरीही त्या भग्न देवालयाचा मूर्तीवरील हक्क इंग्रज न्यायालयांनी मान्य केला आणि १९९१ मध्ये मूर्ती भारतात परतली. काशीहून शतकापूर्वी गेलेली अन्नपूर्णेची मूर्ती कॅनडातील रेजायना येथील विद्यापीठाच्या संग्रहात होती. ती २०२१ मध्ये परत आली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी, प्रबोधिनी एकादशीच्या पर्वावर, काशी विश्वनाथाच्या आवारात तिची प्रतिष्ठा झाली. निरोप न दिलेल्या देवाला पुन्हा पाटावर बसविता येते, याचे यापरते दुसरे प्रमाण कोणते हवे?

मात्र सर्वच मूर्ती संग्रहालयातून गाभाऱ्यात परत याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या उमरी परिसरापुरते पाहू. नांदेड जिल्ह्यात कंधार येथे राष्ट्रकूटांच्या वैभवकाळातील प्रचंड क्षेत्रपालाचे अवयव सापडले आहेत. त्या एकेका अवयवावरून मूळ मूर्तीच्या उंचीची कल्पना करताना मन थक्क होते. देगलूर तालुक्यात होट्टल येथे चालुक्यकालीन देवालये आहेत. आणि ज्यांची कोठेच नोंद नाही अशा कितीतरी मूर्ती मराठवाड्याच्या गावोगावी पिंपळाच्या पारावर, मारुतीच्या देवळामागे, ओढ्याच्या काठी पडल्या आहेत. कोणी त्यांवर शेंदूर थापतो, कोणी त्यांवर धुणे आपटतो. अशा मूर्तीला सुरक्षित छप्पर मिळत असेल तर ते छप्पर संग्रहालयाचे असले तरी आम्हांस मान्य आहे. संत गोरोबाकाकांच्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी आयुष्यभर गावच्या मातीतून प्राचीन वस्तू वेचल्या आणि त्यांतूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. ज्या मातीत गोरोबांनी नाम घेतले, त्याच मातीतील खापरेही त्यांनी मोलाची मानली. ही सुद्धा सेवाच होय.

आमची खरी चिंता संग्रहालयाची नाही, आपल्या देवघराची आहे. मराठवाड्याच्या घराघरांत चांदीचे, पितळेचे टाक असतात: खंडोबाचा, भवानीचा, कोणा पूर्वजाचा. मुले शहरात गेली, वाडा पडला, वाटण्या झाल्या, की हे टाक गाठोड्यात बांधले जातात. समया मोडीत जातात. जुन्या पितळी मूर्ती वजनावर विकल्या जातात आणि पुढे कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभेला लागतात. त्या घरातील सुनेला विचारावे, हा टाक कोणाचा? ती म्हणते, "सासूबाईंना ठाऊक होते." सासूबाई तर गेल्या! जुन्या गोव्यातील ओस वेदीची जी अवस्था झाली, तीच आपल्या देव्हाऱ्याची होत आहे. आणि येथे कोणत्या परकीय सत्तेने मठ बंद केलेला नाही. आपण आपल्या हाताने, आळसाने, हे करीत आहोत.

म्हणून आजच्या पर्वणीला भाविक कुटुंबांपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, संग्रहालयात गेल्यावर मूर्तीसमोर क्षणभर थांबावे, मुलांना तिचे नाव आणि कथा सांगावी आणि मनोमन नमस्कार करावा. हळदकुंकू वाहू नये, स्पर्श करू नये. रक्षण हीच तेथील पूजा. मूर्ती परधर्माची असेल तरी तिच्यापुढे कोणाचे तरी अश्रू पडले आहेत एवढे स्मरून मर्यादेने उभे राहावे. दुसरी, शेतात, विहिरीत किंवा पाया खोदताना मूर्ती सापडली तर ती दडवू नये आणि विकू नये. अशा निधीची वर्दी शासनास द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास बंदी आहे. तिसरी आणि सर्वांत सोपी: आज सायंकाळी देवघरातील प्रत्येक देव, प्रत्येक टाक ताम्हणात काढावा, उजळावा, घरातील वृद्धांना शेजारी बसवावे आणि कोणता देव कोणी, कोठून आणला, त्याचा कुळाचार कोणता, हे एका वहीत उतरून घ्यावे. ही वही देवघरातच ठेवावी. पोथीइतकीच ती पवित्र आहे.

नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. नुसत्या सिद्धांताने श्रोता सुखावत नाही. आख्यानाने त्याला पाझर फुटतो. मूर्तीचेही तसेच आहे. दगड, धातू, शतक, शैली हा तिचा पूर्वरंग. तो संग्रहालये उत्तम रीतीने सांगतात आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. तिचा उत्तररंग मात्र घरातील आजीने, गावच्या पुजाऱ्याने आणि आमच्यासारख्या हरिदासांनी सांगावयाचा आहे. तो आपण सांगितला नाही, तर गाभाऱ्यातील देवही निजेल. सांगितला, तर काचेआडचा देवही जागा आहे. आज भगवंताला उठविताना टाळांच्या गजरात एवढे ध्यानी असावे, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.